सहा महिन्यांची वारी, काही मिनिटांचा कौल

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाण्याचे मराठी मध्यमवर्गाला आता अप्रूप राहिलेले नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये किंवा सांगलीत, जवळपास प्रत्येक गृहसंकुलात एखादे तरी घर असे असते की, ज्याच्या दाराला वर्षातले काही महिने कुलूप असते आणि शेजाऱ्यांकडे झाडांना पाणी घालण्याची किल्ली असते. कुठे मुलीचे बाळंतपण असते, कुठे नातवाची मुंज, तर कुठे निव्वळ 'बाबा, या वेळी उन्हाळा इकडेच काढा' असा आग्रह. या प्रवासाला सगळे 'अमेरिकावारी' म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र ते पर्यटन आहे. अडचणीचे मूळ याच विसंगतीत आहे. ज्या व्हिसाची कल्पना स्थळदर्शनासाठी येणाऱ्या प्रवाशाला डोळ्यासमोर ठेवून करण्यात आली, त्याच व्हिसावर आज हजारो कुटुंबांच्या भेटीगाठींचा भार पडला आहे.

अमेरिकेचा 'बी-१/बी-२' व्हिसा हे याचे ठळक उदाहरण. व्यवसायासाठी अल्पकाळ जाणारे, पर्यटक, उपचारांसाठी जाणारे आणि आप्तांना भेटणारे या सर्वांना हा एकच प्रकार लागू पडतो. मुलाकडे सहा महिने राहू इच्छिणाऱ्या सत्तरीतल्या आईवडिलांसाठी वेगळी वर्गवारी नाही. त्यांनाही डीएस-१६० हा अर्ज भरावा लागतो, १८५ डॉलरचे शुल्क भरावे लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत खिडकीपुढे उभे राहावे लागते. नोव्हेंबर २०११ पर्यंत ही वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती. तेथील पदपथावरची पहाटेची रांग मुंबईकरांच्या अद्याप स्मरणात असेल. वास्तू बदलली, वेळ ठरवण्याची पद्धत संगणकावर गेली, पदपथावरची रांग दिसेनाशी झाली. ती संपली मात्र नाही. तिने केवळ रूप पालटले.

रांगेचे अदृश्य रूप

करोनाच्या काळात वकिलातींचे कामकाज थंडावले आणि त्यानंतर मागणीचा लोंढा आला, तेव्हा या अदृश्य रांगेची लांबी लोकांच्या लक्षात आली. २०२२च्या अखेरीस भारतातील केंद्रांवर प्रथमच पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीसाठी सुमारे हजार दिवसांची प्रतीक्षा दाखवली जात होती. हजार दिवस म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे. ज्या बाळंतपणासाठी आजी निघायची, ते मूल तोवर बोलू लागलेले असायचे! या काळात ज्यांना परवडले त्यांनी बँकॉकसारख्या ठिकाणी जाऊन मुलाखती दिल्या.

२०२३मध्ये अमेरिकी दूतावासाने मनुष्यबळ वाढवले, शनिवारीही काम केले आणि त्या वर्षात भारतात १४ लाख व्हिसा अर्जांचा निपटारा केला. प्रतीक्षा हजार दिवसांवरून सरासरी अडीचशे दिवसांपर्यंत उतरल्याचे दूतावासाने जानेवारी २०२४मध्ये जाहीर केले. सुधारणा निःसंशय मोठी होती. पण अडीचशे दिवस हाही काही थोडका काळ नव्हे. शिवाय टंचाई आली की दलाली येतेच. मुलाखतीच्या तारखा यंत्राद्वारे अडवून ठेवण्याचे प्रकार इतके वाढले की, मार्च २०२५मध्ये दूतावासाने अशा रीतीने मिळवलेल्या सुमारे दोन हजार वेळा एकदम रद्द केल्या.

त्याच वर्षी नियमांची आणखी दोन दारे अरुंद झाली. १४ वर्षांखालील मुले आणि ७९ वर्षांवरील वृद्ध यांना प्रत्यक्ष मुलाखतीतून वयाच्या आधारावर मिळणारी सूट २ सप्टेंबर २०२५पासून काढून घेण्यात आली. जुन्या व्हिसाचे मुलाखतीविना नूतनीकरण पूर्वी मुदत संपल्यावर चार वर्षांपर्यंत शक्य होते. ही सवलत एका वर्षापुरती आणि काही अटींसह उरली. पाठोपाठ अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असा आदेश निघाला आणि बँकॉकची वाटही बंद झाली. ऐंशी वर्षांच्या आजीला कोल्हापुराहून मुंबई गाठणे आता टळत नाही. मुंबईच्या वकिलातीकडे महाराष्ट्र आणि गोव्याखेरीज गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचाही भार आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

सिद्ध करायचे ते काय?

रांग पार करून खिडकीपर्यंत पोहोचलेल्या माणसाची खरी कसोटी तेथे सुरू होते. अमेरिकी स्थलांतर कायद्याचे कलम २१४(ब) असे सांगते की, पर्यटक म्हणून येऊ पाहणारी व्यक्ती कायमच्या वास्तव्याच्या इराद्यानेच येत आहे, असे अधिकाऱ्याने गृहीत धरावे आणि हे गृहीतक खोटे ठरवण्याची जबाबदारी अर्जदाराची. आपल्याकडील फौजदारी न्यायात आरोपी निर्दोष मानला जातो आणि गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते. येथे नेमका उलटा न्याय आहे.

नोकरी करणारा तरुण रजेचे पत्र दाखवील. व्यापारी आपल्या दुकानाचा दाखला देईल. निवृत्त माणसाने मायदेशाशी असलेले आपले नाते कशाने दाखवावे? त्याची नोकरी संपलेली असते आणि एकुलता एक मुलगा परदेशातच असतो. घर, निवृत्तिवेतन, येथे राहणारी दुसरी मुले, शेती, मंडळातले काम, यापूर्वीच्या परदेश प्रवासातून वेळेत परतल्याची नोंद, एवढीच काय ती त्याची पुंजी. ज्या कारणासाठी जायचे आहे, तेच कारण संशयाचे निमित्त ठरते, अशी ही कोंडी आहे. आईचे सगळे जग मुलीच्या घरात आहे, हीच गोष्ट खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला ती परतणार नाही याची खूण वाटू शकते.

निकाल काही मिनिटांत लागतो. सोबत नेलेली कागदपत्रांची जाडजूड फाइल पुष्कळदा उघडलीही जात नाही, कारण निर्णयाचा आधार प्रामुख्याने अर्जातील माहिती आणि तोंडी उत्तरे हा असतो. कलम २१४(ब)खाली नकार मिळाला, तर त्याविरुद्ध रीतसर अपील नाही. पुन्हा शुल्क भरून पुन्हा अर्ज करायचा, एवढाच मार्ग. वकिलातीतील अधिकाऱ्याच्या व्हिसाविषयक निर्णयात न्यायालये सहसा हस्तक्षेप करीत नाहीत, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये मुन्योझ खटल्यात पुन्हा अधोरेखित केले. त्या प्रकरणात तर अमेरिकी नागरिक असलेल्या पत्नीने पतीसाठी दाद मागितली होती. तिलाही जेथे दिलासा मिळाला नाही, तेथे पर्यटक म्हणून येऊ पाहणाऱ्या सासूसासऱ्यांची काय कथा!

दहा वर्षांचा व्हिसा आणि मुक्कामाचा घोळ

व्हिसा मिळाला की पुष्कळांचा समज होतो, आता दहा वर्षे निश्चिंती. भारतीयांना हा व्हिसा सहसा दहा वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळतो, हे खरे. पण व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे विमानतळाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे, हे तेथील सीमा अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ या अभिलेखात होते. बहुधा सहा महिने मिळतात. पण तो हक्क नव्हे. परतीचे तिकीट दोन महिन्यांचे आणि तोंडी उत्तर सहा महिन्यांचे, अशी विसंगती आढळली तर अधिकारी कमी काळही देऊ शकतो. म्हणून तेथे उतरल्यावर पहिले काम करायचे, ते म्हणजे संगणकावर आय-९४ची तारीख पाहून ती लिहून ठेवण्याचे.

या तारखेपलीकडे एक दिवस राहिले तरी दहा वर्षांचा तो व्हिसा निष्प्रभ होतो. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतल्यास तीन वर्षे आणि एक वर्ष वा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. आजारपण किंवा लांबलेले बाळंतपण यांसारख्या कारणांसाठी मुदतवाढ मागता येते. मात्र त्यासाठीचा आय-५३९ अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वी दाखल झाला पाहिजे. सहा महिने राहून परत यायचे, दोन महिन्यांत पुन्हा जायचे, असा क्रम चालू ठेवणाऱ्यांनाही सावध राहावे लागते. वर्षात किती दिवस राहावे याचा आकडा नियमात नसला, तरी ही व्यक्ती पर्यटक म्हणून येते की येथेच राहते, असा प्रश्न अधिकारी विचारू शकतो.

इतर देशांचे गणित

युरोपात हे गणित निराळे आणि अधिक काटेकोर आहे. शेंगेन करारातील २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसच राहता येते. जर्मनीत ९० दिवस राहिल्यावर 'आता थोडे इटलीत राहू' असे चालत नाही. समजा, आई १ एप्रिलला म्युनिकला पोहोचली, तर तिला २९ जूनला निघालेच पाहिजे आणि पुन्हा प्रवेश मिळू शकतो तो २८ सप्टेंबरला. ऑक्टोबर २०२५पासून तेथील सीमांवर शिक्क्यांऐवजी चेहरा व बोटांच्या ठशांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पारपत्रावरचा पुसट शिक्का अधिकाऱ्याच्या नजरेतून निसटण्याचे दिवस त्यामुळे सरले. युरोपच्या व्हिसात किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय विम्याची सक्ती आहे. जून २०२४पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे.

युरोपीय व्यवस्थेत दोन गोष्टी मात्र घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, नकार देताना ठरावीक नमुन्यात कारण नमूद करावे लागते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. दुसरी अशी की, एप्रिल २०२४मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी पायरीपायरीची योजना आणली. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरणाऱ्याला दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. नियम पाळणाऱ्याच्या पदरात काही पडावे, हे तत्त्व त्यात आहे. अर्थात तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. २०२४मध्ये भारतातून सुमारे ११ लाख शेंगेन अर्ज झाले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे दर सातांपैकी एकाहून अधिक अर्जदारांचे शुल्क वाया गेले.

ब्रिटनमध्ये अभ्यागत एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो. मात्र वारंवार भेटी देऊन ब्रिटनलाच घर करता येणार नाही, असे नियम बजावतात. ऑस्ट्रेलियाने २०१९मध्ये आईवडिलांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा वेगळा तात्पुरता व्हिसा सुरू केला. त्याचे शुल्क काही हजार डॉलरांच्या घरात आहे. सर्वांत उदार कॅनडा. तेथील 'सुपर व्हिसा'वर नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. ही मर्यादा पूर्वी दोन वर्षांची होती, ती जुलै २०२२मध्ये वाढवण्यात आली. अटी कडक आहेत: मुलाचे ठरावीक किमान उत्पन्न, अर्जदाराची वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा. पण या अटींमागचा विचार सरळ आहे. वृद्धांचा बोजा सरकारी तिजोरीवर पडू नये, याची हमी कुटुंबाने द्यावी आणि मग त्यांना सुखाने राहू द्यावे. आईवडील मुलांकडे येतात ते स्थळे पाहायला नव्हे, हे वास्तव या देशाने कायद्यात मान्य केले.

अमेरिकेत दुखणे अधिक का?

अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणांपैकी बहुतेक जण 'एच-१बी' या नोकरीच्या व्हिसावर असतात किंवा त्यावरून ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असतात. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला वर्षाकाठी सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिणामी भारतीयांची रांग अनेक वर्षे हलत नाही. आईवडिलांना कायमचे बोलावण्याचा अधिकार तर केवळ २१ वर्षांवरील अमेरिकी नागरिकाला आहे; ग्रीन कार्डधारकालाही तो नाही. म्हणजे नोकरीला लागल्यापासून नागरिक होईपर्यंतच्या एक-दोन दशकांत आईवडिलांना जवळ आणण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पर्यटक व्हिसा.

मुलांनीच मायदेशी यावे म्हटले, तर तेही आता सोपे राहिलेले नाही. व्हिसाचा नवा शिक्का घेतल्याखेरीज त्यांना परत जाता येत नाही. डिसेंबर २०२५मध्ये समाजमाध्यमांवरील खात्यांची छाननी 'एच-१बी'धारकांनाही लागू झाली, तेव्हा भारतातील अनेक मुलाखती काही महिन्यांनी पुढे ढकलल्या गेल्या आणि सुटीवर आलेले कित्येक जण येथेच अडकले. असा अनुभव आल्यावर नोकरी पणाला लावून दिवाळीला घरी येण्याचे धाडस कोण करील? मुले येऊ शकत नाहीत आणि आईवडिलांना जाण्याची शाश्वती नाही, असा हा दुहेरी पेच आहे. खर्चाचीही त्यात भर पडते. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्यात व्हिसा मंजूर होताना आणखी २५० डॉलर घेण्याची तरतूद आहे. अटी पाळून परतणाऱ्याला ते परत मिळण्याची सोय कायद्यात असली, तरी आधी ते खिशातून काढावे लागणारच.

अमेरिकेची बाजू अगदीच चुकीची आहे, असे म्हणता येणार नाही. पर्यटक म्हणून येऊन मुदतीनंतर राहणारे लोक आहेत, खोटी कागदपत्रे पुरवणारे दलाल आहेत आणि आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. प्रश्न अधिकाराचा नाही, वर्गवारीचा आहे. वीस वर्षांचा एकटा तरुण आणि मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेली साठीतली आई यांना एकाच तागडीत तोलल्याने सुरक्षितता वाढते, असे दिसत नाही.

घरच्या आघाडीवर

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली गोष्ट नावांची. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. लग्नानंतर स्त्रियांची ही तिन्ही बदलू शकतात. पारपत्रावर एक, आधारवर दुसरे आणि घराच्या करारनाम्यावर माहेरचे तिसरेच नाव असल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील. जन्मतारखेची तीच गत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट लिहिलेली १ जून ही तारीख मिरवणारी एक अख्खी पिढी आज सत्तरीत आहे. ती तारीख खरी की खोटी याला महत्त्व नाही. सर्व कागदांवर ती एकच असणे महत्त्वाचे. हा मेळ अर्ज भरण्यापूर्वी घालावा.

दुसरी गोष्ट अर्जाची. डीएस-१६० बहुधा मुलगा परदेशातून भरतो आणि आईवडील तो न वाचताच मुलाखतीला जातात. मग अर्जात तीन महिने आणि तोंडी सहा महिने, असा घोटाळा होतो. अर्जातले प्रत्येक उत्तर आपल्याला ठाऊक असले पाहिजे. सही आपली असते. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांची माहितीही त्यात विचारली जाते. ती आजोबांच्या फेसबुकलाही लागू आहे. 'मुलाकडे जातो असे सांगू नका, फिरायला जातो म्हणा' असा सल्ला देणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहावे. जाणीवपूर्वक खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. मुलीच्या बाळंतपणाला जाणे हे लपवण्यासारखे कारण नाही. किती दिवस राहणार, खर्च कोण करणार आणि कधी परतणार, हे सरळ सांगता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट आरोग्याची. अमेरिकेतील सरकारी मेडिकेअर योजनेचा लाभ अभ्यागतांना मिळत नाही आणि आपल्याकडील नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी सहसा परदेशात उपयोगी पडत नाही. प्रवासी विमा घेताना मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासूनच्या व्याधींविषयीचे कलम वाचल्याखेरीज हप्ता भरू नये. चौथी गोष्ट निवृत्तिवेतनाची. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो आणि नेमके तेव्हाच अनेक जण परदेशी असतात. दाखला डिजिटल स्वरूपात देण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करून तिची घडी बसवली, तर सहा महिन्यांनी थकलेल्या रकमेसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत.

दिल्लीने बोलावे

राहिला प्रश्न सरकारचा. भारत-अमेरिका चर्चेत व्हिसाचा विषय निघाला की, तो प्रामुख्याने 'एच-१बी'भोवती फिरतो, कारण त्यामागे मोठ्या उद्योगांचे हितसंबंध आहेत. आईवडिलांच्या व्हिसामागे कोणतीही उद्योगसंघटना उभी नाही. जून २०२३मध्ये बंगळुरू आणि अहमदाबाद येथे नव्या वकिलाती उघडण्याचा इरादा अमेरिकेने जाहीर केला. बंगळुरूचे उद्घाटन जानेवारी २०२५मध्ये झाले, तेही प्रारंभी व्हिसासेवेविना. अहमदाबादेत व्हिसाचे काम सुरू झाले, तर गुजरातचा भार मुंबईवरून उतरेल. म्हणून महाराष्ट्रातील खासदारांनी या घोषणेचा पाठपुरावा करणे मराठी कुटुंबांच्याही हिताचे आहे. वयोवृद्धांना मुलाखतीतून असलेली सूट पूर्ववत करावी, पूर्वी वेळेत परतलेल्यांसाठी नूतनीकरणाची मुदत वाढवावी आणि कॅनडाच्या धर्तीवर विम्याच्या हमीवर आईवडिलांसाठी वेगळी वर्गवारी करावी, या तीन मागण्या भारताने द्विपक्षीय चर्चेत मांडण्याजोग्या आहेत. त्यांपैकी पहिली तर फार जुनी नाही. सप्टेंबर २०२५पर्यंत ती सवलत अस्तित्वात होती.

उच्चशिक्षित मुले परदेशी पाठवण्याचा अभिमान महाराष्ट्राने गेली तीन-चार दशके बाळगला. त्या मुलांचे आईवडील आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांना परदेशात घर थाटायचे नाही. आपल्या गावी परतायचे आहे, पण त्यापूर्वी नातवंडाला मांडीवर घ्यायचे आहे. हजार दिवसांची प्रतीक्षा तरुणाला परवडते, त्यांना परवडत नाही. त्यांच्या व्हिसाच्या धोरणाचा विचार या वयापासून सुरू व्हायला हवा.